धान्याचे वजन जाते कुठे?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात मी द्रवाच्या दाबाविषयी बोलत होतो. पत्र्याच्या उंच डब्याला वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन छिद्रे पाडायची आणि पाणी भरायचे. तळाच्या छिद्रातून पाण्याची धार सर्वांत जोराने बाहेर पडते, हा प्रयोग तुम्ही सर्वांनी केलेला असेल. प्रयोग संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, डब्यात पाण्याऐवजी ज्वारी भरली तर तळावरचा दाब असाच वाढत जाईल का?"

मी लगेच म्हणालो, "हो, वाढेल. वरचे सगळे वजन शेवटी खालीच येणार ना!"

उत्तर तर्काला धरून वाटत होते, पण ते चुकीचे होते. घरी आल्यावर शंका आली, म्हणून प्रयोग करून पाहिला आणि पुढच्या सत्रात त्या बाईंची क्षमा मागितली. हा प्रयोग कुठल्याही शाळेत करता येण्यासारखा आहे.

पाइप आणि काटा

साधारण ४ सेंटिमीटर व्यासाचा आणि अर्धा मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्या. दोन्ही तोंडे उघडी हवीत. तो स्टँडला घट्ट बांधून स्प्रिंगच्या तबकडीच्या काट्यावर उभा धरा. पाइपची खालची कड तबकडीला टेकता कामा नये. दोन्हींमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवा, म्हणजे हरभरे बाहेर सांडणार नाहीत. आता वरून ५०-५० ग्रॅम हरभरे ओतत जा आणि प्रत्येक वेळी काटा काय दाखवतो ते लिहून ठेवा.

सुरुवातीला काटा ओतलेल्या वजनाच्या जवळपास जातो. मग मागे पडू लागतो. पाइप भरत येईतो सुमारे ४०० ग्रॅम हरभरे आत गेलेले असतात, पण काटा त्याच्या लहानशा हिश्श्यावर अडून बसतो. आणखी मूठभर हरभरे घातले तरी तो जवळजवळ हलत नाही.

एक सूचना. पाइप काट्यावर टेकवून हा प्रयोग केला तर काटा पूर्ण वजन दाखवील आणि विद्यार्थी म्हणतील, सर चुकले! पाइप टांगलेलाच हवा. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. उत्तर त्यांना सापडले, तर पुढचे अर्धे काम झालेच म्हणून समजा.

भिंत भार घेते

वजन नाहीसे तर होत नाही. तळ ते उचलत नसेल, तर ते उचलणारे दुसरे कोणीतरी असले पाहिजे. ते म्हणजे पाइपची भिंत.

हरभऱ्यांचा एक पातळ थर डोळ्यांसमोर आणा. वरचा भार त्याला खाली दाबतो. दबलेले दाणे बाजूला सरकू पाहतात आणि भिंतीला रेटतात. भिंतीला रेटलेला दाणा खाली घसरू लागला की घर्षण त्याला वर धरून ठेवते. जितका रेटा जास्त तितके घर्षण जास्त. म्हणजे वरचा दाब वाढला की भिंतीचा आधारही त्याच प्रमाणात वाढतो. एका ठरावीक खोलीनंतर अशी स्थिती येते, की प्रत्येक नव्या थराचे संपूर्ण वजन भिंतच पेलते. त्याच्या खाली दाब वाढत नाही.

पाण्यात असे का होत नाही? पाणीही भिंतीला रेटते. पण स्थिर पाणी भिंतीला घर्षणाने धरून राहू शकत नाही, म्हणून त्याचे वजन तळावरच येते.

थोडे गणित करू या. उभ्या दाबाचा साधारण निम्मा भाग आडवा वळतो आणि भिंतीशी घर्षणाचा गुणांक ०.४ आहे असे धरू. थराचे वजन आणि भिंतीचे घर्षण यांची बरोबरी मांडली, की तळावरचा दाब जास्तीत जास्त किती होईल ते मिळते. तो व्यासाच्या सुमारे सव्वापट उंचीच्या धान्याच्या वजनाइतका असतो. आपल्या ४ सेंटिमीटरच्या पाइपमध्ये म्हणजे ५ सेंटिमीटर उंचीच्या हरभऱ्यांइतका, सुमारे ५० ग्रॅम! तुमचा आकडा पाइपच्या खरखरीतपणानुसार वेगळा येईल, पण तो कुठेतरी थांबेल हे नक्की.

हा हिशेब प्रथम नीट मांडला तो जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातील जान्सेन नावाच्या अभियंत्याने, १८९५ साली. धान्याच्या उंच कोठ्या त्या काळी नव्याने बांधल्या जात होत्या आणि त्यांच्या भिंती किती मजबूत हव्यात हा व्यवहारातला प्रश्न होता. लाकडी चौकोनी कोठ्यांत धान्य भरून, तळ वेगळा काट्यावर ठेवून त्याने मोजमापे घेतली. आजही कोठ्यांच्या रचनेची सुरुवात त्याच्या सूत्रापासून होते.

६ मीटर व्यासाची आणि ३० मीटर उंचीची गव्हाची कोठी घ्या. तिच्यात जवळजवळ ६८० टन गहू मावेल. वरच्या हिशेबाने तळावर त्याचा एक चतुर्थांश भार येतो. उरलेले सुमारे ५०० टन भिंतीवर लटकलेले असतात! म्हणून अशा कोठीची भिंत नुसती फुटू नये एवढे पुरत नाही. उभ्या भाराने ती चुरगळूही नये लागते. धान्य बाहेर काढताना, विशेषतः ते एका बाजूने काढले तर, भिंतीवरचे दाब अचानक बदलतात. भरलेल्या कोठ्या अशा वेळी कोसळल्याची उदाहरणे आहेत.

भार सारखा वाटला जात नाही

इथपर्यंत आपण धान्याचा एकसंध थर मानला. प्रत्यक्षात दाणा दाण्याला फक्त काही बिंदूंवर टेकतो आणि भार या बिंदूंतूनच पुढे जातो. मग तो सगळ्या दाण्यांना सारखा मिळतो का?

हे पाहण्याची एक सुंदर युक्ती आहे. काही पारदर्शक प्लास्टिके दाबली आणि ध्रुवित प्रकाशातून पाहिली, की ताण पडलेला भाग उजळ दिसतो. अशा प्लास्टिकच्या चकत्या चौकटीत रचून वरून दाबल्या, की सगळ्या चकत्या सारख्या उजळत नाहीत. काळोखात वीज चमकावी तशा काही वेड्यावाकड्या रेषा उजळतात आणि मधल्या कित्येक चकत्या अंधारातच राहतात. फ्रान्समध्ये दांतू यांनी १९५७ साली असे प्रयोग केले. पुढे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट बेहरिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या 'बलशृंखलां'चा बारकाईने अभ्यास केला. थोडे दाणे बराचसा भार वाहतात, बाकीचे नुसतेच जागा अडवून बसलेले असतात. ग्रामपंचायतीच्या कामाचा अनुभव असणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही.

शाळेत ध्रुवक नसले तरी कार्बन पेपर असतो. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ साली तोच वापरला. मजबूत डब्याच्या तळाशी पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर आणि त्यावर सारख्या आकाराच्या लहान गोट्या हळूच रचा. पाचसहा थर झाले की वर लाकडी चकती ठेवून तिच्यावर बरेच वजन द्या. नंतर कागद काढून पाहा. काही ठिपके मोठे व गडद, पुष्कळसे लहान व फिकट दिसतील. जितका जोर जास्त तितका ठिपका मोठा. सरासरीच्या कितीतरी पट भार घेणाऱ्या गोट्या थोड्याच असतात, पण असतात.

पाइपच्या प्रयोगात दर वेळी थोडे वेगळे आकडे येतात, त्याचेही कारण हेच. हरभरे पुन्हा ओतले की शृंखला नव्याने जुळतात. पाइपला नुसती टिचकी मारली तरी काही शृंखला तुटतात आणि काटा हलतो. तेव्हा विद्यार्थ्यांच्या आकड्यांत फरक पडला तर त्यांना रागावू नका. दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढायला सांगा.

दाबले की फुगते!

आता आकार बदलण्याकडे वळू. समुद्रकिनाऱ्यावर, लाट नुकतीच ओसरलेल्या ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. पायाने दाबल्यावर पाणी वर यायला हवे. ते आत कसे जाते?

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली याचे उत्तर दिले. फळवाल्याकडे मोसंबी रचलेली असतात ते आठवा. वरचे प्रत्येक मोसंबे खालच्यांच्या मधल्या खळग्यात बसलेले असते. वरचा थर आडवा सरकवायचा तर प्रत्येक मोसंब्याला आधी खळग्यातून वर चढावे लागते. म्हणजे रास फुगते. घट्ट बसलेल्या वाळूचेही असेच होते. आकार बदलायला लावला की कणांमधली पोकळी वाढते आणि वरचे पाणी त्या पोकळीत शोषले जाते.

मऊ प्लास्टिकच्या बाटलीत जाड वाळू ठोकून भरा, रंगीत पाण्याने सर्व पोकळी भरून काढा आणि बुचातून पारदर्शक नळी बसवा. नळीत पाणी अर्ध्यावर दिसले पाहिजे. आता बाटली दाबा. पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरते! नुसत्या पाण्याच्या बाटलीशी तुलना करायला विसरू नका.

फुगायला जागाच दिली नाही तर? हवा काढून बंद केलेले तांदळाचे पाकीट विटेसारखे कडक असते. बाहेरची हवा ते दाबून धरते, दाण्यांना चढायला वाव नाही, म्हणून आकार बदलत नाही. पाकिटाला टाचणी टोचली की वीट मऊ पडते.

सैल वाळूची गोष्ट उलटी. मापट्यात धान्य हलवून भरले की जास्त मावते, हे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ठाऊक असते. सारखे गोळे नुसते हलवून बसवले तर ते सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात. अगदी शिस्तीत रचले तर ७४ टक्के. सैल ओतलेले याहून कमी. सैल वाळू हादरली की आकसते. तिच्यात पाणी भरलेले असेल आणि ते निघून जायला वेळ मिळाला नाही, तर भार कणांवरून पाण्यावर येतो. शृंखला मोडतात आणि जमीन द्रवासारखी वागते. १९६४ साली जपानमधील निगाता येथील भूकंपात इमारती न मोडता आख्ख्या कलंडल्या त्या यामुळेच. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात वाळूमिश्रित पाण्याचे फवारे उडाले, तेही यामुळेच.

एक गोष्ट वर्गात सांगाच

धान्याच्या राशीवर आपण उभे राहू शकतो, म्हणून ती जमिनीसारखीच वाटते. पण खालून धान्य काढले जात असेल, तर आधार देणाऱ्या शृंखला सतत तुटत असतात आणि माणूस काही सेकंदांत आत ओढला जातो. कधी वरचे धान्य ओलीमुळे चिकटून कमान धरते, खाली पोकळी असते आणि पाय पडताच कमान ढासळते. प्रवाह थांबला की तेच दाणे पुन्हा घट्ट होतात. छातीपर्यंत रुतलेल्या माणसाला ते चहूबाजूंनी आवळतात. तो श्वास सोडतो तेव्हा दाणे त्या जागेत उतरतात आणि पुढचा श्वास घेणे कठीण होते. त्याला दोराने जोराने ओढणेही धोक्याचे, कारण पाइपच्या भिंतीला धरून ठेवणारे घर्षण इथे त्याच्या अंगाला धरून ठेवते. अशा वेळी आधी धान्याचा प्रवाह बंद करावा लागतो. मग माणसाभोवती फळ्यांचे कुंपण करून आतले धान्य उपसावे लागते. वाळूच्या ढिगाऱ्यात किंवा किनाऱ्यावर खोल खड्डा खणून खेळणाऱ्या मुलांनाही हाच धोका असतो.

त्या बाईंच्या प्रश्नाला मी आज काय उत्तर देईन? धान्य पाण्यासारखे नाही आणि दगडासारखेही नाही. दाण्याला दाण्याचा टेकू आहे तोवर ते उभे असते आणि टेकू सरकला की वाहू लागते. यातले कधी काय होईल हे नेमके सांगता यावे म्हणून जगभर अजून संशोधन चालू आहे. तोवर वर्गात एक पाइप, एक काटा आणि किलोभर हरभरे आणा. प्रयोग झाल्यावर हरभरे भिजवून उसळ करता येते, हा आणखी एक फायदा.