वाशीमच्या ताम्रपटातून उलगडलेले राजघराणे

अमरावती : संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आलेले वासुदेव विष्णु मिराशी इतिहास संशोधक म्हणून देशभर मान्यता पावले, त्यात वऱ्हाडच्या मातीचा वाटा मोठा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मात्र त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे वळण त्याआधीच, १९३९ मध्ये, वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे आले होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला.

हा ताम्रपट वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. दान ‘वत्सगुल्म’ येथून, म्हणजे आजच्या वाशीमहून दिले आहे. राजाच्या पित्याचे नाव सर्वसेन आणि आजोबाचे प्रवरसेन. हा सर्वसेन तोवर इतिहासाला जवळजवळ अपरिचितच होता.

घोटाळा होता तो अजिंठ्यात. तेथील सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव जुन्या अभ्यासकांनी ‘रुद्रसेन’ असे वाचले होते. साहजिकच अजिंठ्याचे राजे वाकाटकांच्या मुख्य शाखेतच गणले जात. वाशीमचा पुरावा हाती आल्यावर मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला आणि ते नाव ‘सर्वसेन’ असल्याचे दाखवून दिले. एका नावाच्या दुरुस्तीने वाकाटकांची स्वतंत्र वत्सगुल्म शाखा उभी राहिली. ज्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, सोळावे लेणे कोरविले तो हरिषेण याच शाखेचा. प्रवरसेनाला चार पुत्र होते, हे पुराणांतील विधानही आता निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला सारता येईना.

येथे संस्कृतच्या व्यासंगाचा उपयोग झाला. ‘हरिविजय’ या लुप्त प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन अलंकारशास्त्रातील उल्लेखांतून विद्वानांना ठाऊक होता; तो हाच राजा, असे मिराशींनी मांडले. नुसत्या लिपितज्ज्ञाला हा धागा सापडणे कठीणच होते.

वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा बृहद्ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे सापडलेल्या लेखात याच शाखेतील देवसेनाचे नाव असून शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हे वर्षही नोंदलेले आहे.