परिक्रमा पूर्ण झाली, पण घर अजून लांब. डबलसीट जोडप्यांनी शेवटचा टप्पा कसा पार करावा?

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला की नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. पायी जाणं सगळ्यांना जमत नाही. शेती, जनावरं, मुलांच्या शाळा बघून कितीतरी नवरा-बायको मोटारसायकलवरच परिक्रमा करतात. नर्मदा 1312 किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर अडीच हजाराच्या वर अंतर होतं. एवढं अंतर सांभाळून कापणारी जोडपी शेवटच्या दिवशी मात्र घाई करतात, आणि तिथेच घात होतो.

शेवटचाच दिवस धोक्याचा का?

बरेच जण ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलतात आणि तिथेच पूर्ण करतात. सोबतचं नर्मदेचं जल महादेवाला वाहायचं, कन्यापूजन करायचं, कढाईचा प्रसाद घ्यायचा. हे सगळं उरकता उरकता दुपार होते. पोटात शिरा-पुरी, अंगात पंधरा दिवसांचा थकवा आणि मनात एकच विचार, 'आता रात्री घरीच जाऊन झोपू.'

ओंकारेश्वरहून खंडवा, बुऱ्हाणपूरमार्गे मुक्ताईनगर दीडशे किलोमीटरहून जास्त आहे. मध्ये असीरगडजवळ सातपुड्याची वळणं लागतात. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो. त्यात केळीचे ट्रक, कापसाने भरलेल्या गाड्या, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. थकलेल्या डोळ्यांना त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.

डुलकी किती लांब नेते, याचा हिशोब सोपा आहे. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण 16 ते 17 मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर 50 मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. चहाने थोडा वेळ तरतरी येते, पण झोपेची भरपाई होत नाही. झोप येत असेल तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं पडावं. तरी जड वाटलं, तर खंडवा किंवा बुऱ्हाणपूरला मुक्काम करावा. सकाळी निघालं की दुपारच्या आत घर.

मागे बसणारीचं काम मोठं

चालवणाऱ्याला आपण थकलोय हे लवकर कळत नाही, मागे बसणाऱ्या बाईला आधी कळतं. गाडी पट्ट्याकडे सरकते, ब्रेक उशिरा लागतो, विचारलेल्याला उत्तर येत नाही, वळण चुकतं. यातलं एक जरी दिसलं तरी 'अहो, थांबा जरा' म्हणायला संकोच करू नये. आणि त्यांनीही 'आलंच आता गाव' म्हणून ते टाळू नये.

दुसरी गोष्ट, बायका वाटेत सोय नसते म्हणून पाणीच पीत नाहीत. त्याने डोकं दुखतं, चक्कर येते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत असते. तेल टाकायचं नसलं तरी बिनधास्त थांबावं.

निघण्याआधी एवढं बघा

• दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे. गावाची वेस दिसली म्हणून आरशाला अडकवू नका.
• साडीचा पदर, ओढणी खोचलेली असावी. साडी गार्ड काढलेलं असेल तर चाकात कापड जायला वेळ लागत नाही.
• सामानाच्या बोजाने मागचा लाल दिवा झाकला जातोय का, ते बघा.
• डबलसीटसाठी मागच्या चाकाची हवा वेगळी असते. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो.
• मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

घरच्यांनीही समजून घ्यावं

'कुठपर्यंत आलात?' असे दर अर्ध्या तासाने फोन येतात. एका हाताने फोन उचलला जातो किंवा वेग वाढतो. सात वाजता वाजंत्री आणि गावजेवण ठरवलेलं असलं की घाई आणखी वाढते. त्यापेक्षा स्वागत, मावंदं दुसऱ्या दिवशी ठेवावं. फोन मागे बसणारीने घ्यावा, आणि घरच्यांनी एवढंच म्हणावं, 'आरामात या.'

घरी आल्यावर

गाडी तशीच शेताच्या कामाला जुंपू नका. एवढं पळाल्यावर इंजिन ऑईल, ब्रेक, टायर तपासून घ्या. चेन साफ करून तेल द्या. एक-दोन दिवस अंग दुखणं साहजिक आहे. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बराच वेळ बसून राहिल्याने पायात रक्ताची गाठ होऊ शकते.

परिक्रमेचं जल ओंकारेश्वरी वाहिलं जातं. प्रवास मात्र दोघं धडधाकट उंबऱ्याच्या आत आले, की पूर्ण होतो.