न दिसणाऱ्या कणांचा शोध

रूपविचारात आपण शून्य प्रत्यय अभ्यासला आहे. ‘दगड पडला’, ‘दगड पडले’ या वाक्यांत ‘दगड’ हे रूप बदलत नाही. तरीही दुसऱ्या वाक्यातील अनेकवचन क्रियापदावरून कळते. न दिसणारे दिसणाऱ्यावरून ओळखण्याची हीच रीत भौतिकशास्त्रात कशी वापरतात, ते आता पाहू.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत प्रोटॉनांच्या वेगवान झोताने कर्करोगावर उपचार होतात. नवे कण शोधण्यासाठी अशाच झोतांना कितीतरी अधिक ऊर्जा देऊन त्यांची टक्कर घडवतात. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ येथे २०१२ साली हिग्ज कण प्रोटॉनांच्या टकरींतूनच सापडला. परंतु प्रोटॉन हा क्वार्क व ग्लुऑन यांचा बनलेला आहे. त्यातील कोणता घटक किती ऊर्जेने आदळला, हे आधी ठाऊक नसते. याउलट इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन हे लेप्टॉन होत. त्यांचे अंतर्गत घटक आजवर आढळलेले नाहीत. त्यामुळे त्यांच्या टकरीचा जमाखर्च मांडता येतो. बाहेर पडलेल्या कणांच्या ऊर्जेची बेरीज कमी भरली, तर उरलेली ऊर्जा एखाद्या अदृश्य कणाने नेली असावी, असे अनुमान निघते.

सर्नमध्येच १९८९ ते २००० या काळात २७ किलोमीटर परिघाचे असे यंत्र चालले. न्यूट्रिनो तेथे दिसत नसत. तरी ‘झेड’ कणाच्या विघटनाच्या मापनावरून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच, हे सिद्ध झाले. आता सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या यंत्राचा प्रस्ताव आहे. वळणावर इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात, म्हणून सरळ रेषेतील यंत्राचाही पर्याय मांडला गेला आहे.

मात्र जमाखर्चात चूक होऊ शकते. पुण्यात जन्मलेल्या व मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी मानुएल ड्रेस यांच्यासह एक धोका दाखवून दिला. दाट झोत समोरासमोर येताना प्रकाशकण बाहेर पडतात. ते परस्परांवर आदळून नको असलेले कण निर्माण करतात आणि मूळ घटनेच्या नोंदीत मिसळतात. अशी भेसळ आधीच मोजून ठेवावी लागते.

‘आजोबा आले’ येथे क्रियापद अनेकवचनी असले, तरी आजोबा एकच. ते आदरार्थी रूप आहे. त्याचप्रमाणे ऊर्जा कमी भरली म्हणजे नवा कण सापडला असे नव्हे. ती परिचित न्यूट्रिनोनेही नेलेली असते. ज्ञात कारणे वजा केल्यावर जे उरते, तोच पुरावा.

स्वयं-अध्ययन: शून्य प्रत्यय आणि अदृश्य कण यांच्या अनुमानपद्धतीतील एक साम्य व एक भेद लिहा.