बिदरच्या वाटेवरचा परका माणूस

मराठी घरांत बिदरचे नाव पहिल्यांदा कानी पडते ते दामाजीपंतांच्या कथेत. दुष्काळात पंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, बादशहाची खप्पा मर्जी झाली, आणि पंढरीचा विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बिदरच्या दरबारी धान्याची रक्कम भरून आला, ही कथा आजीच्या तोंडून ऐकली नाही असा आपल्या वाचकांत क्वचितच कोणी असेल. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर तिच्यात एक साधी गोष्ट उरते. गावकुसाबाहेरचा एक अनोळखी माणूस परक्या शहरी येतो. कोण, कोठला, कशासाठी आलास, हे त्याला विचारतात, त्याचे म्हणणे ऐकून घेतात, आणि हातात पावती देऊन परत पाठवितात.

त्याच बिदर जिल्ह्यात, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जाणाऱ्या औराद-कमलनगरच्या टापूत, १३ जुलै २०१८ रोजी काही तरुण मित्र हैदराबादहून मोटारीने आले होते. वाटेत शाळेची मुले दिसली, म्हणून त्यांनी त्यांना चॉकलेटे वाटली. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशा वदंता तेव्हा कित्येक आठवडे मोबाईलवरून घरोघर पोचल्या होत्या. लोकांना संशय आला, बाचाबाची झाली, तरुणांनी मोटार काढली. पण त्यांची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून मोटारीच्या पुढे धावली. मुर्की गावापाशी रस्ता अडविलेला होता. मोटार उलटली आणि जमाव त्यांच्यावर तुटून पडला. त्यांतला एक संगणक अभियंता जागीच गेला, बाकीचे जबर जखमी झाले. त्यांना वाचविण्यासाठी मध्ये पडलेले पोलीसही जखमी झाले. विचारपूस नाही आणि पावतीही नाही.

त्याच्या बारा दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरिता हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेने ठार केले. त्यांतले बहुतेक मंगळवेढे तालुक्याचे होते. दामाजीपंतांच्या मुलखातली माणसे परक्या गावी गेली, आणि जिवंत परतली नाहीत.

या अफवांमागे होते तरी काय? त्या दिवसांत फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीची. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवटच कापून टाकला आणि उरलेला तुकडा हिंदुस्थानभर फिरला. खोटे रचण्याची गरजही पडली नाही, कात्री पुरली!

अफवा काही मोबाईलने जन्माला घातली नाही. ती चावडीवर होती, पाणवठ्यावर होती, आठवडी बाजारात होती. पण तेथे सांगणारा समोर असे. ‘तू पाहिलेस का?’ असे त्याला विचारता येई, आणि तो चाचरला की अर्धी अफवा तेथेच मरे. मोबाईलवरच्या गटात सांगणारा दिसत नाही, तो केवळ पुढे ढकलणारा असतो. शिवाय गट बहुधा एकाच विचाराच्या लोकांचा. कोणी शंका काढली तर त्याची टर उडते, मग त्याला वगळतात किंवा तोच कंटाळून निघून जातो. विरोध उरला नाही की मागे राहिलेल्यांत चढाओढ लागते. काल जे बोलायला जीभ धजत नव्हती, ते आज मिळमिळीत वाटते.

ही रीत या मुलखाने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. निजामाच्या राज्यात १९२७ साली निघालेल्या मजलिस या संस्थेची सूत्रे १९४६ मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती गेली आणि रझाकारांची दले गावोगाव फिरू लागली. मे १९४८ मध्ये बसवकल्याण तालुक्यातील गोर्टा गावात त्यांनी भीषण हत्याकांड केले. या उन्मादाविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार करण्यात आले. ते स्वतः मुसलमान होते. द्वेषावर जगणारा गट आपल्यांतला वेगळा आवाज आधी बंद करतो, तो असा.

सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, रझाकारी संपली, आणि सूडाचे चक्र उलटे फिरले. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने वर्षअखेरीस दौरा करून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले होते, आणि राज्यभरात मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. पण त्याच अहवालात एक गोष्ट नोंदलेली आहे, ती विसरता येत नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचविले. उपदेशाने जे साधले नाही ते मागाने साधले. रोज शेजारी बसून सूत ओढणाऱ्या माणसाचे तोंड ओळखीचे असते. त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी ते एकदम खरे वाटत नाही.

अशी ओळख या भूमीत जुनी आहे. अष्टूर येथे बहामनी सुलतान अहमदशहा वली यांच्या उरुसाला लिंगायत जंगम मानाने येतात. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दरबारी हिंदू आणि मुसलमान दोघेही नतमस्तक होतात. पण नुसत्या परंपरेच्या अभिमानाने काही वाचत नाही. गोर्टाही याच भूमीत घडले आणि मुर्कीही.

मुर्कीनंतर उपाय झाले. कंपनीने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. दोन्ही आवश्यकच. परंतु घरातल्या गटावर पहाटे आलेला विखारी मजकूर पुढे ढकलावा की नाही, हे कोणता अधिकारी ठरविणार?

ते आपल्यालाच ठरवावे लागेल, आणि आपल्यासारख्या घरांना तर विशेषच. आपले पूर्वज कधी फौजेबरोबर, कधी दप्तर काखोटीला मारून या संस्थानी शहरांत आले, तेव्हा तेही परके होते. भाषा निराळी, पगडी निराळी. कोणीतरी त्यांना नाव-गाव विचारले, ओसरीवर बसविले, पाणी दिले, म्हणून आज आपण येथले जुने रहिवासी म्हणवितो. तेव्हा पुढचा संदेश येईल तेव्हा चावडीवरचा जुना प्रश्न विचारावा: ‘हे कोणी पाहिले?’ आणि घरातला एखादा तरुण वेगळे बोलला, तर त्याला गटातून काढू नये. कदाचित सगळ्यांच्या वतीने तोच शुद्धीवर असेल.