चेहऱ्यावरून गाव ओळखताना

आपल्या इंदूरच्या मराठी समाजात एक जुनी हौस आहे. लग्नकार्यात वा गणेशोत्सवात अनोळखी व्यक्ती भेटली की आडनाव विचारण्यापूर्वीच आपण तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू लागतो. घारे डोळे आणि गोरा वर्ण दिसला, की 'मंडळी कोकणातली असावीत' असा निर्वाळा तत्काळ दिला जातो. होळकरांच्या काळापासून आपली घराणी येथे स्थिरावली, तरी मूळ गाव चेहऱ्यात शोधण्याची सवय काही सुटली नाही. मीही ती बाळगून होतो. तिची किंमत माझ्या एका बालरुग्णाने मोजली, म्हणून हा लेखप्रपंच.

सहा वर्षांचा तो मुलगा गोरा, चक्क घाऱ्या डोळ्यांचा. हातपाय वारंवार दुखत, अधूनमधून डोळे पिवळसर दिसत, रक्तही कमी. मी संधिवाताची शंका घेतली, लोहाचे औषध दिले आणि सात महिने त्याच मार्गाने चालत राहिलो. सिकलसेलचा विचार मनात डोकावला नाही असे नाही. परंतु तो झाबुआ-अलीराजपूरकडच्या आदिवासी बांधवांचा आजार, हा मुलगा 'तसा दिसत नाही', असे म्हणून मीच तो बाजूला सारला. अखेर एका तरुण सहकाऱ्याने आजोबांचे गाव विचारले. उत्तर आले, चंद्रपूर जिल्हा. हिमोग्लोबिनची तपासणी केली. मुलाला सिकलसेल होता, आईवडील दोघेही वाहक होते. त्या वेळी आई पाच महिन्यांची गर्भवती होती. दहाव्या-बाराव्या आठवड्यात करता येणारी गर्भतपासणी हातची गेली होती.

चेहऱ्याने मला का फसविले, याचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. डोळ्यांचा फिकट रंग मुख्यत्वे पंधराव्या गुणसूत्रावरील जनुकांवर अवलंबून असतो. सिकलसेलचा दोष अकराव्या गुणसूत्रावर असतो. दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्रपणे वाटल्या जातात. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना काहीसे संरक्षण मिळाल्याने हा दोष टिकून राहिला. मलेरियाचा डास कुणाचे नाक-डोळे पाहून चावत नाही.

चेहऱ्यामोहऱ्यावरून वंश ठरविण्याचे वेड जुने आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावर जातींची उतरंड रचू पाहिली. आयर्लंडमध्येही १९३० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हजारो पुरुषांची डोकी, नाके व डोळ्यांचे रंग नोंदविले. पुढे २०१७ साली तेथील जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. ज्यांची आठही पणजोबा-पणज्या सुमारे पन्नास किलोमीटरच्या परिसरात जन्मली, अशाच व्यक्ती त्यासाठी निवडल्या होत्या. त्यांच्या जनुकांत प्रांताप्रांताचे दहा गट दिसून आले. म्हणजे प्रदेशाची खूण शरीरात असते, हे खरे; पण ती लाखो सूक्ष्म फरकांच्या बेरजेत असते. संगणकाला ती सापडते, आरशाला नाही.

या बाबतीत आपल्या इरावती कर्वे यांचे स्मरण व्हावे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा कवटीच्या असममिततेचा संबंध वंशाशी जोडण्याकडे कल होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे प्रबंधात नोंदविले. परक्या देशात, गुरूंच्या मताविरुद्ध! पुढे त्यांनी महाराष्ट्रात स्वतःही माणसांची मापे घेतली. परंतु मोजमाप आधी आणि मत नंतर, हा क्रम सोडला नाही. माझा क्रम नेमका उलटा झाला होता.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ ची. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांवर तिचा भर आहे आणि तो योग्यच आहे; परंतु विदर्भातील अनेक बिगर-आदिवासी समाजांतही हा आजार आहे, आणि तेथील मंडळी आपल्या गल्लीत राहतात, आपल्याच दवाखान्यात येतात.

त्या कुटुंबातील दुसरे अपत्य, मुलगी, केवळ वाहक निघाली. ते त्यांचे भाग्य. त्यात माझ्या निदानाचे श्रेय काही नाही. तेव्हापासून रक्तक्षय आणि अंगदुखी एकत्र दिसली, की मी दोन्हीकडच्या आजी-आजोबांची गावे विचारतो, आणि उत्तर काहीही आले तरी तपासणी लिहून देतो. समारंभात चेहऱ्यावरून गाव ओळखण्याचा खेळ आपण खुशाल खेळावा. चुकलो तर हसे होईल, एवढेच. दवाखान्याच्या दाराशी मात्र तो बाहेरच ठेवावा, ही सर्व समव्यावसायिक बंधुभगिनींना नम्र विनंती.