जुना एसी बदलण्यापूर्वीचा हिशेब

उन्हाळ्यात माझ्या सासूबाई रात्री दोनच्या सुमारास उठत, एसी बंद करत आणि पुन्हा निजत. सकाळी विचारले की ठरलेले उत्तर येई, "मला नाही बाई उकडत." खरे कारण वीजबिलाचे होते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. बारा वर्षांपूर्वी तो एसी त्यांच्यासाठीच घेतला होता. आणि तो वापरण्याचा धीर नेमका त्यांनाच होत नसे.

वृद्धांचे असे बोलणे आपण त्यांच्या सोशिक स्वभावाच्या खात्यात जमा करतो. वास्तविक उतारवयात घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते आणि शरीर तापले तरी ते लवकर उमगत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी आणखी घटते. तेव्हा खोलीतील उष्णतेचा निवाडा त्यांच्या शब्दावर न सोडता भिंतीवर एक साधा तापमापक टांगावा.

आता पैशांकडे वळू. जुना एसी नीट गार करीत नसला की कारागीर बहुधा सांगतो, "गॅस संपलाय." आपण पैसे देतो आणि पुढच्या चैत्रात तेच वाक्य पुन्हा ऐकतो. एसीतील गॅस स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे जळून संपत नसतो. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. दहा वर्षांहून जुन्या एसीचा कॉम्प्रेसर गेला असेल, तर माझ्या मते दुरुस्तीचा मोह टाळावा. यंत्रावरील पाटीवर 'आर-२२' असे लिहिले असेल तर हा मोह अधिकच टाळावा. ओझोनच्या थराला घातक असलेला हा वायू नव्या यंत्रांत वापरणे आपल्या देशात २०२४ अखेर थांबले.

नव्या दीड टनी स्प्लिट एसीला साधारणपणे ३५ ते ५० हजार रुपये पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वी विचारून ठेवलेले भाव आता धरू नयेत. मात्र दुकानातील चिठ्ठीवरचा आकडा अपुरा असतो. तांब्याची नळी यंत्रासोबत सहसा तीन मीटरच मिळते, पुढची मापाने विकत घ्यावी लागते. 'आर-२२'च्या काळातील जुनी नळी नव्या यंत्राला लावण्याचा आग्रह धरू नये. दोहोंतील तेल आणि दाब निराळे असतात. बाहेरच्या युनिटचे स्टँड, भिंतीला भोक, पाण्याची नळी, स्टॅबिलायझर हे सारे वेगळे. जुन्या इमारतीत एसीसाठी स्वतंत्र जाड तार, एमसीबी आणि अर्थिंग नसेल तर वायरमनचाही खर्च येतो. हे सर्व आधी लेखी विचारून घ्यावे. नळ्या जोडल्यावर कारागिराने व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा व ओल काढली की नाही, हेही पाहावे. नव्या यंत्रांत पुष्कळदा असणारा 'आर-३२' वायू काही अंशी ज्वलनशील असतो. हे काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घेणे बरे.

तीन तारे घ्यावेत की पाच? ताऱ्यांच्या लेबलावर वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात आणि ते १,६०० तासांच्या वापरासाठी मोजलेले असतात. समजा, दोन यंत्रांच्या लेबलांत २४० युनिटांचा फरक आहे, म्हणजे तासाला ०.१५ युनिट. आजी रोज रात्री आठ तास, चार महिने एसी लावत असतील तर तास होतात ९६० आणि बचत १४४ युनिटांची. वीजदर टप्प्यांनी चढतो; बचत होते ती शेवटच्या, सर्वांत महाग टप्प्यातील युनिटांची. तो दर १५ रुपये धरला तर वर्षाला २,१६० रुपये वाचतात. किमतीतील फरक ८,००० रुपये असेल तर तो भरून निघण्यास सुमारे चार उन्हाळे लागतील. त्याच खोलीत अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील आणि एसी चोवीस तास चालत असेल, तर बचत ६,४८० रुपयांवर जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यातच पैसे वसूल होतात. पाच तारे सर्वांनाच हवेत, असे मुळीच नाही.

शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला बहुधा एक टन पुरतो. डोक्यावर तापलेली गच्ची असेल तर दीड टनाचा विचार करावा. खरेदी माघ-फाल्गुनात उरकावी. वैशाखात यंत्र बंद पडले की कारागिराची वाट पाहण्यात जे तीन-चार दिवस जातात, तेच वृद्धांना जड जातात.

यंत्र बसवताना वाऱ्याचा झोत पलंगावर येणार नाही अशी जागा निवडावी. आम्ही ते २६ अंशांवर ठेवतो आणि पंखा हळू फिरवतो. सासूबाईंना तेवढे मानवते. शिवाय नवऱ्याने एक कागद रिमोटच्या शेजारी चिकटवला आहे. मीटरचे आकडे एका रात्री लिहून काढले, आठ तासांत चार युनिट लागले. कागदावर ठळक अक्षरांत एवढेच लिहिले आहे : "एका रात्रीचे साठ रुपये." सासूबाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. आता पहाटे थंडी वाजली तरच त्या एसी बंद करतात.