मालाची कुपी, माणसांची कुपी

डिसेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ यानातून पांढुरक्या कणांचा फवारा अवकाशात उडू लागला. यान थंड ठेवणारा द्रव गळत होता. दोनच महिन्यांत तिथल्याच प्रोग्रेस एमएस-२१ या मालवाहू यानालाही गळती लागली. प्रोग्रेसचा प्रश्न चटकन मिटला. स्थानकावरचा कचरा घेऊन ते सुटले आणि ठरल्याप्रमाणे वातावरणात जळून गेले. सोयूझ मात्र तिघा अंतराळवीरांचे घरी परतण्याचे वाहन होते. रशियाला दुसरे सोयूझ रिकामेच वर धाडावे लागले आणि सहा महिन्यांसाठी गेलेले ते तिघे ३७१ दिवसांनी जमिनीवर उतरले.

ही दोन याने सख्खी भावंडे. १९७८ मध्ये पहिले प्रोग्रेस उडाले, ते सोयूझच्याच आराखड्यावर बेतलेले. सोयूझमध्ये पुढे राहण्याचा कक्ष, मधोमध परतीची कुपी आणि मागे इंजिन, इंधन, वीज व थंडावा सांभाळणारा सर्व्हिस मॉड्यूल. प्रोग्रेसमध्ये मधली कुपी काढून तिथे स्थानकाला पुरवायच्या इंधनाच्या टाक्या बसवल्या. मागचा भाग जवळपास तोच राहिला, आणि परतताना तो दोन्हींचा जळतो.

स्पेसएक्सच्या ड्रॅगनने वेगळा विचार केला. त्याचे १६ ड्रॅको थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिने, कुपीतच असतात. मागच्या ट्रंकमध्ये उरतात सौर पॅनेल, रेडिएटर आणि थोडा उघडा माल. ट्रंक टाकून दिला तरी इंजिने कुपीबरोबर समुद्रात उतरतात आणि पुन्हा वापरली जातात. मालवाहू आणि प्रवासी ड्रॅगन दिसायला सारखेच, पण प्रवासी कुपीत आणखी आठ सुपरड्रॅको असतात. ड्रॅकोचा जोर ४०० न्यूटन, तर एका सुपरड्रॅकोचा सुमारे ७१,००० न्यूटन. रॉकेट बिघडले तर माणसांसह कुपी क्षणात दूर न्यायची, यासाठी हा सारा खटाटोप. मालासाठी तो कोणी करत नाही.

हे संरक्षण स्वतःचा धोका घेऊन येते. २० एप्रिल २०१९ रोजी केप कॅनव्हरलला सुपरड्रॅको पेटवण्याची चाचणी होती. इंजिने पेटण्याच्या निमिषभर आधी कुपीचाच स्फोट झाला. इंधन जाळायला लागणारा ऑक्सिडीकारक द्रव गळून, दाब देणाऱ्या हेलियमच्या नळीत शिरला होता. यंत्रणेत दाब चढताच तो टायटॅनियमच्या झडपेवर वेगाने आदळला आणि आग भडकली. आत कोणी नव्हते, हे नशीब. पुढे त्या झडपांऐवजी दाब आल्यावर फुटणाऱ्या चकत्या बसवल्या आणि मे २०२० मध्ये दोन अंतराळवीर ड्रॅगनमधून स्थानकावर गेले.

बोइंगच्या स्टारलायनरने मात्र जुनीच वाट धरली: कक्षेत लागणारे थ्रस्टर आणि बचावाची इंजिने, दोन्ही सर्व्हिस मॉड्यूलमध्ये. ६ जून २०२४ रोजी अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्थानकाजवळ येत असताना २८ थ्रस्टरपैकी पाच बंद पडले. चार पुन्हा सुरू झाले आणि यान जोडले गेले, पण थ्रस्टर का बंद पडले हे कळायला हवे होते. आणि इथेच सर्व्हिस मॉड्यूल टाकून देण्याची खरी किंमत दिसते. बिघडलेला थ्रस्टर उघडून पाहण्याची सोयच नव्हती, कारण तो परतीच्या वाटेवर जळणार होता. अभियंत्यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स येथे तसाच दुसरा थ्रस्टर पुन्हापुन्हा पेटवून पाहिला. तापून फुगलेले टेफ्लॉनचे सील ऑक्सिडीकारकाची वाट अडवते, असे त्यात दिसले. तरीही नासाची पुरती खात्री पटेना. सप्टेंबरमध्ये स्टारलायनर रिकामे उतरले आणि दोघे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले. माझ्या मते त्यांना स्टारलायनरमधून न आणण्याचा निर्णय अगदी योग्य होता. त्या यानात नुसता माल असता, तर एवढी चर्चाही झाली नसती.

भारताच्या गगनयानालाही वेगळा सर्व्हिस मॉड्यूल आहे. त्यात ४४० न्यूटनची पाच इंजिने आणि १०० न्यूटनचे १६ थ्रस्टर आहेत. उड्डाणानंतर यातले काहीच हाती लागणार नाही. म्हणून तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या चाचणीतळावर इस्रोने ही यंत्रणा जमिनीवरच, नेहमीच्या आणि बिघाडाच्याही परिस्थितीत, पुन्हापुन्हा पेटवून पाहिली.